दिव्यांमागची तार

सण आणि दीप यांचे नाते फार जुने आहे. अंधाराच्या ऋतूत माणसाने दिवे उजळावेत आणि त्या उजेडात आपल्या आनंदाला साक्षी ठेवावे, ही प्रथा बहुतेक सर्व देशांत आढळते. आपल्याकडे आश्विनाच्या अखेरीस पणत्यांच्या ओळी लागतात. युरोप-अमेरिकेत डिसेंबरच्या थंडीत नाताळचे झाड उजळते. परंतु विजेचा दिवा आल्यापासून या रोषणाईत एक नवा भागीदार सामील झाला. तो म्हणजे तार. पणतीला तेल आणि वात पुरते. विजेच्या दिव्याला मात्र प्रवाह येण्याची एक वाट आणि परत जाण्याची दुसरी वाट लागते. पाहणाऱ्याची नजर दिव्यावर खिळते. तार पानाआड, कमानीमागे, जमिनीवरच्या गवतात दडलेली असते. दिव्याच्या शोधाची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तारेची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक दिवा कितीही सुंदर असला, तरी रोषणाई सुखरूप पार पडते की तिचा वणवा होतो, हे बहुतांशी ही तारच ठरवीत असते.

विजेपूर्वीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. जर्मनीतून पसरलेल्या प्रथेप्रमाणे नाताळच्या झाडावर मेणबत्त्या लावीत. झाड तोडून आणलेले, उबदार खोलीत दिवसेंदिवस वाळत चाललेले. आणि त्याच्या राळयुक्त फांद्यांवर उघड्या ज्योती. शहाणी कुटुंबे झाडाजवळ पाण्याची बादली ठेवीत आणि मेणबत्त्या थोडा वेळच पेटवीत. तरीही दर वर्षी आगी लागत, मुले भाजत. सणाच्या दिवशी घर जळणे हे दुःख केवळ मालमत्तेच्या हानीचे नसते. म्हणून ज्योतीवाचून प्रकाश देणारा दिवा निघाला, तेव्हा त्याची या झाडावर गरज होती, असे म्हणावयास हरकत नाही.

थॉमस एडिसन यांनी १८७९ मध्ये कार्बनच्या तंतूचा दिवा यशस्वी केला आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र सुरू केले. त्या दिवशी सुमारे ४०० दिवे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एडिसन यांच्या कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड हिबर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळच्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले. अक्रोडाएवढे ते दिवे लाल, पांढरे आणि निळे होते. झाड स्वतःभोवती फिरत होते. तो काळ असा, की सामान्य माणसाच्या घरी वीज नव्हती आणि जाहिरातीवाचून ती येणारही नव्हती. जॉन्सन यांनी एका वार्ताहराला बोलावून हा देखावा दाखविला. त्यात पित्याच्या कौतुकाइतकाच व्यापाऱ्याचा धूर्तपणाही होता.

योगायोग असा, की त्याच ऋतूत अटलांटिकच्या पलीकडच्या तीरावर लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची 'आयोलँथी' ही संगीतिका रंगभूमीवर आली होती. तिच्यातील पऱ्यांच्या केसांत जोसेफ स्वान यांचे चिमुकले विद्युत् दिवे चमकत आणि त्यांच्या विद्युत् घटांचा भार पऱ्या स्वतःच्या अंगावर वाहत. परीला मुक्त संचार करावयाचा, म्हणजे तिला भिंतीशी जोडणारी तार चालणार नाही. तेव्हा वीजच तिच्या पाठीवर द्यावी लागली. दिवा किती स्वतंत्र असू शकतो आणि त्या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे.

जॉन्सन मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. १८८४ च्या नाताळात त्यांच्या झाडावर १२० दिवे होते, आणि या झाडाची खरी नवलाई त्याच्या जोडणीत होती. ते १२० दिवे सहा गटांत विभागले होते. झाडाच्या खोडाभोवती तांब्याचे पट्टे बसविले होते आणि झाड फिरू लागले, की त्या पट्ट्यांतून एका गटाचा प्रवाह तुटे आणि दुसऱ्याचा जुळे. आधी शुभ्र प्रकाश, मग लाल आणि पांढरा, मग पिवळा आणि पांढरा, अशी रंगांची पाळी पाहणाऱ्यांपुढून फिरत जाई. तळघरातील मोठ्या जनित्रातून वीज येत होती. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेले लहान यंत्र त्याच विजेवर झाडाला फिरवीत होते. आज संगीताच्या तालावर हजारो दिवे नाचविणारे जे देखावे दिसतात, त्यांचा मूळपुरुष हे झाड होय. अनेक दिवे, त्यांचे वेगवेगळे गट आणि प्रत्येक गटाला स्वतःचे विद्युत् मंडल, ही सर्व कल्पना तेथे पूर्णत्वाने दिसते.

परंतु जॉन्सन यांच्या हाताशी कंपनीचे कारागीर होते. इतरांना असे झाड हवे असल्यास वायरमन बोलावून प्रत्येक दिवा हाताने तारेला जोडून घ्यावा लागे. ही चैन धनिकांनाच परवडे. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ च्या सुमारास, तयार माळा बाजारात आल्या. आटे असलेले दिवे, त्यांचे होल्डर आणि भिंतीतील सॉकेटमध्ये बसविण्याचा प्लग अशी ती सामग्री होती. त्या वेळच्या जनरल इलेक्ट्रिकच्या चोवीस दिव्यांच्या माळेची किंमत १२ डॉलर होती, आणि ती सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीपेक्षा कमी नव्हती. पुढे किंमती उतरल्या आणि मध्यमवर्गीय घरातही विजेचे झाड आले.

या माळांतील जोडणी एकसरी होती. अमेरिकेतील घरगुती विजेचा दाब सुमारे १२० व्होल्टचा. लहान दिवा तेवढा दाब सोसू शकत नाही. म्हणून आठ दिवे एकापुढे एक असे गुंफीत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५ व्होल्ट येत. या रचनेत तार कमी लागते आणि दिवे स्वस्त पडतात. मात्र तिच्यात एक कठोर नियम आहे. आठांपैकी एक दिवा गेला, की प्रवाहाची वाटच तुटते आणि सातही विझतात. मग घरातील कर्ता पुरुष चांगला दिवा हातात घेऊन एकेका होल्डरात बसवून पाहत बसे आणि मुले अंधाऱ्या झाडासमोर वाट पाहत उभी राहत. दोन दिवे एकाच वेळी गेलेले असले, तर त्या संशोधनाला अंतच नसे.

भारतीय श्रोत्याला याची एक खूण आपल्या भाषांतही सापडेल. दक्षिणेतील शहरांत सणाच्या आणि लग्नाच्या दिव्यांच्या माळेस आजही 'सीरियल सेट' किंवा 'सीरियल लाइट' म्हणतात. दुकानातून ती माळ घेणाऱ्याच्या मनात विद्युत्शास्त्र क्वचितच असेल. पण एकसरी जोडणीची स्मृती त्या नावात टिकून आहे. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्टचा असल्यामुळे अमेरिकेतील माळेच्या जवळजवळ दुप्पट दिवे एका ओळीत गुंफावे लागतात. म्हणजे एकाच्या अपयशाने अंधारात जाणारे सोबतीही दुप्पट.

एकसरी माळेतील ही परस्परावलंबनाची सक्ती दूर करावयाची, तर समांतर जोडणी हवी. तीत प्रत्येक दिवा दोन तारांच्या मधे शिडीच्या पायरीसारखा बसतो. एक पायरी मोडली, तरी बाकीच्या शाबूत राहतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस घराबाहेर लावण्याचे असे मोठे दिवे अमेरिकेत मिळू लागले. याच सुमारास लहानमोठ्या उत्पादकांच्या संघटनेतून १९२६ मध्ये नोमा इलेक्ट्रिक ही कंपनी उभी राहिली आणि अनेक वर्षे तिने या व्यापारावर वर्चस्व ठेवले. रोषणाई आता दिवाणखान्यातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर आली.

रस्त्यावरील रोषणाईचे एक उदाहरण भारतीयांना विशेष जवळचे वाटेल. कॅलिफोर्नियातील आल्टाडीना या गावी सांता रोझा मार्गाच्या दुतर्फा देवदार वृक्षांची राई आहे. हिमालयाचा हा वृक्ष १८८५ मध्ये तेथे लावण्यात आला आणि १९२० पासून नाताळात त्या देवदारांवर विजेचे दिवे चढू लागले. तोडलेल्या झाडाऐवजी उभ्या, जिवंत वृक्षांवर इतक्या मोठ्या प्रमाणात केलेली ही अमेरिकेतील आद्य रोषणाई समजली जाते. गावातील स्वयंसेवकच उंच फांद्यांवर तारा चढवितात आणि दुरुस्त करतात. २०२५ च्या जानेवारीत भीषण वणव्यात आल्टाडीनाचा फार मोठा भाग भस्मसात झाला. या मार्गावरील बहुतेक देवदार मात्र त्यातून वाचले.

१९२३ साली २४ डिसेंबरच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी वॉशिंग्टन येथे कळ दाबून पहिला राष्ट्रीय नाताळवृक्ष उजळला. व्हरमाँट राज्यातून आणलेल्या ४८ फूट उंचीच्या त्या वृक्षावर लाल, पांढरे आणि हिरवे असे २,५०० दिवे होते. या वृक्षाची पुढील कहाणी मंडलांच्या विभागणीचा एक अनपेक्षित अर्थ सांगून जाते. १९४२ ते १९४४ या युद्धवर्षांत तो वृक्ष उजळला नाही. १९७९ मध्ये तेहरान येथे अमेरिकी वकिलातीतील माणसे ओलीस असताना राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशावरून शेंड्यावरील तारा तेवढा लावण्यात आला. बाकीचे झाड अंधारात ठेवले. १९८० मध्ये ओलिसांच्या कैदेचा प्रत्येक दिवस एक सेकंद मोजून झाड ४१७ सेकंद उजळून पुन्हा मालविले. तारा एका मंडलावर आणि फांद्या दुसऱ्या मंडलावर असतात, म्हणूनच हे शक्य होते. काय लावावे आणि काय विझवावे यांची निवड हाती आली, की रोषणाई ही भाषा बनते, आणि शोकही तिच्यातून बोलू शकतो.

मात्र समांतर जोडणीतही एक धोका लपलेला असतो. एकसरी माळेत सर्वांचा प्रवाह एकच. समांतर रचनेत प्रत्येक दिव्याचा प्रवाह मुख्य तारेवर चढत जातो. दिवा जोडणाऱ्याला फक्त दिवा दिसतो. तारेवर साचत चाललेला भार दिसत नाही. बारीक तारेतून अधिक प्रवाह गेला, की ती तापते, तिचे रबरी वेष्टण मऊ होते, आणि मेणबत्तीच्या भयाने जिला आणले ती वीजच आगीचे कारण ठरते. विल्यम हेन्री मेरिल या तरुण अभियंत्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील विद्युत् व्यवस्थेची तपासणी केली होती. पुढच्याच वर्षी त्याने विमा कंपन्यांच्या आश्रयाने अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेचा पाया घातला. तारांची, प्लगांची आणि माळांची परीक्षा करून त्यांवर मान्यतेची मोहोर उठविण्याचे काम ती संस्था तेव्हापासून करीत आली आहे.

तारेचा भार आणि तांब्याचा खर्च यांचा विचार एडिसन यांनाही प्रथमपासून करावा लागला होता. १८८२-८३ मध्ये इंग्लंडात जॉन हॉपकिन्सन यांनी आणि अमेरिकेत एडिसन यांनी स्वतंत्रपणे त्रितार पद्धत काढली. हिच्यात दोन बाजूंच्या दोन तारा आणि दोहोंच्या मधे एक समाईक तार असते. दोन्ही बाजूंवर भार सारखा असला, तर दोन प्रवाह समाईक तारेत एकमेकांना छेदतात आणि ती जवळजवळ रिकामी राहते; असमान असला, तर तेवढा फरकच तिच्यातून वाहतो. दाब दुप्पट झाल्यामुळे तारा बारीक चालतात, आणि दोन तारांच्या पद्धतीत जेवढे तांबे लागे, त्याच्या तीन-अष्टमांशात काम भागते. ४ जुलै १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियातील सनबरी येथे ही पद्धत प्रत्यक्षात आली, आणि अमेरिकेतील घरांना होणारा वीजपुरवठा आजही तत्त्वतः तसाच आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटी स्वस्त संगणक आले आणि जॉन्सन यांच्या तांब्याच्या पट्ट्यांचे काम त्यांनी उचलले. ओहायो राज्यातील मेसन येथे एका विद्युत् अभियंत्याने २००४ मध्ये आपल्या घरावर १६,००० दिवे ८८ मंडलांवर बसवून ते संगीताशी जोडले. त्याचे चित्रण पुढील वर्षी जगभर पाहिले गेले. पाहणाऱ्यांच्या मोटारींची रांग लागली आणि त्या गर्दीत अपघात झाला, तेव्हा मालकाने तो देखावा आपणहून थांबविला. पण हजारो हौशी कारागिरांच्या हातांना त्याने काम दिले होते.

या कारागिरांपुढची मुख्य अडचण तारेचीच होती. अठ्ठ्याऐंशी मंडले म्हणजे नियंत्रकापासून दिव्यांपर्यंत अठ्ठ्याऐंशी जोडतारा. दुकानातील जोडतार एका मंडलाची आणि ठरावीक लांबीची. अंगणात तिचे जाळे माजते. म्हणून लोक स्वतःच्या मापाच्या बहुमंडली जोडतारा बनवू लागले. दुहेरी तारेचे वेटोळे आणून हवी तेवढी लांबी कापावयाची, तिच्यावर वेष्टण भेदून आत टोचणारे सॉकेट दाबून बसवावयाचे. किंवा अनेक पदरी केबल घेऊन प्रत्येक मंडलाला जाण्याचा एकेक पदर द्यावयाचा आणि परतीची तार सर्वांना एकच ठेवावयाची. ही शेवटची युक्ती तांबे वाचविते, आणि दुर्घटनेचे बीजही तिच्यातच असते.

साधे गणित मांडून पाहावे. जुन्या पद्धतीच्या १०० बारीक दिव्यांच्या माळेला सुमारे ४० वॉट लागतात. एका मंडलावर अशा चार माळा, म्हणजे १६० वॉट; १२० व्होल्टला प्रवाह सव्वा अँपिअरच्या थोडा वर. आठ मंडलांचे आठ पदर हा भार सहज पेलतात. पण आठही मंडले एकाच फेजवर असून एकाच वेळी उजळली, तर परतीच्या तारेतून साडेदहा अँपिअरहून अधिक प्रवाह जातो. ती तारही इतरांइतकीच बारीक असेल, तर ती जळू लागते. आणि प्रत्येक मंडलाचा फ्यूज मात्र निर्धास्त असतो, कारण त्याच्या वाट्याचा भार मर्यादेत आहे. चार मंडले एका फेजवर आणि चार दुसऱ्यावर घेतली, तर सनबरीचाच चमत्कार घडतो आणि परतीची तार रिकामी होते. तेथेही समाईक तार मधेच तुटली, तर दोन्ही बाजूंचे दिवे २४० व्होल्टवर एकसरी जोडले जातात आणि ज्या बाजूस दिवे थोडे, तेथे दाब बेसुमार चढून ते फुटू लागतात. सर्वांचा भार मुकाट्याने परत नेणाऱ्या तारेला सर्वांत जाड आणि सर्वांत पक्की ठेवावी, हा धडा इतका साधा असूनही वारंवार शिकावा लागला.

दुसरा शत्रू ओलावा. दवाने भिजलेल्या गवतात पडलेल्या जोडातून प्रवाह जमिनीकडे पाझरतो, आणि फ्यूज जळण्याच्या कितीतरी आधी तो माणसाचा प्राण घेऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विजेचा मानवी देहावरील परिणाम अनेक वर्षे अभ्यासिला आणि १९६१ मध्ये एक संरक्षक उपकरण तयार केले. गेलेला आणि परतलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. काही सहस्रांश अँपिअरचा फरक पडला, तरी क्षणार्धात वाट तोडते. उघड्यावर लावलेल्या प्रत्येक रोषणाईला या पहारेकऱ्याची गरज आहे.

भारतात ही चिंता एका गावाची किंवा एका सणाची नाही. १९०५ मध्ये शिवनसमुद्रची वीज बंगळूरला पोहोचली, १९१५ मध्ये खोपोलीहून ती मुंबईला आली, आणि तेव्हापासून आपले सणही तारेवर आले. म्हैसूरचा राजवाडा दसऱ्यात सुमारे एक लाख दिव्यांनी झळाळतो. पुण्या-मुंबईच्या गणेशोत्सवात, कोलकात्याच्या दुर्गापूजेत, इंदूर-बडोद्याच्या महाराष्ट्र मंडळांत मांडवाच्या कमानी रातोरात उजळतात. कापडाचे मांडव, पावसाळ्याची ओल आणि घाईत पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड यांची सांगड पडली, की जॉन्सन यांच्या काळातील मेणबत्तीचे भय पुन्हा दाराशी येते. शिडीवर चढून तारा ओढणारा वायरमन आरतीच्या वेळी मागे कोठे तरी उभा असतो. त्याच्या कामाची कोणाला आठवण न होणे, हेच त्याच्या यशाचे प्रमाणपत्र.

आता दिवेही बदलले आहेत. अर्धवाहकाच्या नव्या दिव्यांना जुन्या माळेच्या मानाने अल्पच वीज पुरते. काही माळांत तर प्रत्येक दिव्यापाशी एक सूक्ष्म यंत्रणा असते. तीन तारांच्या एका ओळीवर शेकडो दिवे बसतात आणि प्रत्येकाला आपापला रंग वेगळा कळतो. गट आणि मंडले यांचे दिवस संपले, असे वाटावे. परंतु या माळा ५ किंवा १२ व्होल्टच्या अल्प दाबावर चालतात; दाब कमी म्हणजे तेवढ्याच शक्तीला प्रवाह अधिक, आणि लांब ओळीच्या शेवटी दिवे फिके पडतात. मग मधे मधे नवी तार आणून वीज पुरवावी लागते. एडिसन यांच्या अभियंत्यांना पर्ल स्ट्रीटच्या भूमिगत तारांत ज्या प्रश्नाने गाठले, तोच प्रश्न अंगणातील माळेत पुन्हा उभा राहतो. दिव्यांनी कितीही रूपे पालटली, तरी तांब्याचा हिशेब चुकलेला नाही.

दीडशे वर्षांची ही कथा एका दृष्टीने सहजीवनाचीच कथा आहे. एकसरी माळेत एकाच्या पतनाने सर्व बुडत. समांतर माळेत प्रत्येक जण स्वतंत्र झाला, पण त्या स्वातंत्र्याचा भार समाईक तारेवर पडला. त्रितार पद्धतीने दोन बाजूंचा तोल साधून तो भार हलका केला. सणाच्या रात्री दिव्यांच्या शोभेने डोळे निवतात, ते योग्यच आहे. त्या शोभेखाली ती अबोल तार थंड राहिली, तरच पहाटे घरातील सर्व माणसे सुखरूप जागी होतात. आणि सणाचे सार्थक त्या पहाटेतच आहे.